पाचवी नळी

"मामा, पुरे करा आता, कान किटले माझे," विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाल्या.

नळीमामांना वाटलं, बाई चेष्टा करताहेत. गेला अर्धा तास ते पाचव्या नळीशी झटत होते आणि ती मेली तोंडातून शब्द काढत नव्हती.

शाळेच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. ध्वनीचा धडा आला की प्लास्टिकचा जुना पाइप कापून, एका टोकाला बूच ठोकून ते नळ्या करत. पहिली हातभर नसली तरी चांगली वीतभराहून मोठी, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी दुसरीच्या निम्मी. प्रत्येक निम्मीला सूर एकेक सप्तक वर चढायचा. पाचवी नळी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. तोंडाची कड खरखरीत राहिली की नळी मुकी राहते, हे मामांना ठाऊक होतं. म्हणून ते कानशीनं कड घासत, फुंकत, पुन्हा घासत. अशा तीन नळ्या त्यांनी घासून घासून वाया घालवल्या होत्या. पाचव्या नळीचा हा चौथा प्रयत्न.

"वाजते कुठे ही?" मामा म्हणाले.

"वाजते कुठे? अहो, शेजारच्या वर्गातून विचारायला आले, कोण शिट्ट्या मारतंय म्हणून."

बाई हसत खडू घेऊन निघून गेल्या. मामांनी नळी पुन्हा ओठाला लावली. ओठांवर गार फुंकर लागली, बस. मग त्यांच्या लक्षात आलं. नळी पहिल्यापासून वाजतच होती. घासून ती आखूड होत होती, आखूड झाली की सूर आणखी चढत होता, आणि मामा आपल्या हातांनी तो स्वतःपासून लांब ढकलत होते.

ते स्टुलावर बसले. त्यांना आई आठवली. शेवटची काही वर्षं तिला ऐकू येत नसे. जेवताना सगळे हसले की तीही हसायची, जरा उशिरानं. मग हळूच विचारायची, "काय म्हणाला रे तो?" आणि मामा घास गिळत म्हणायचे, "काही नाही गं." पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं. घरात माणूस होतं आणि नव्हतं.

हल्ली बायको काही बोलली आणि मामांनी "काय?" केलं, की तीही म्हणायची, "काही नाही." आज सकाळीच म्हणाली होती. किती महिने म्हणत होती कोण जाणे. मामा उठायला गेले. कानस खाली पडली, तिचा आवाज मात्र आला. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटलं.

तास सुरू झाला. मुलींनी आपापल्या नळ्या कापल्या, घासल्या. एकीनं छोटी नळी फुंकली आणि सगळ्या वर्गानं कान झाकले. मामांनीही झाकले, जरा उशिरानं. ते त्यांचं त्यांनाच कळलं.

पुढचा प्रकार दरवर्षीचा. नळी झाली की मुलगी ती मामांकडे आणायची. मामा डोळे मिटून आधी मोठी नळी फुंकायचे, मग तिची, आणि निकाल द्यायचे: "जुळली," किंवा "अजून घास." बाईंच्या हातात मोजपट्टी असली तरी शेवटचा शब्द मामांच्या कानाचा. सगळ्या शाळेत एवढी एकच गोष्ट होती, जिच्यासाठी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी पाचवी नळी घेऊन आली. मामांनी डोळे मिटले. मोठी फुंकली. भरदार आवाज आला. मग तिची फुंकली. काही नाही.

'जुळली' म्हणून टाकावं. कोण विचारतंय? एक शब्द, की सुटका. ऐकू येत नाही म्हटलं आणि उद्या बाईंनी वर कळवलं, तर मामांना कुठल्या तरी कागदांच्या खोलीत बसवतील. तिथे कुणी काही विचारणार नाही आणि कुणी काही सांगणारही नाही. त्यांनी डोळे उघडले. मुलगी वाट बघत होती. घासून घासून तिची बोटं पांढरी झाली होती.

"बाई," मामा म्हणाले. "ही मला ऐकू येत नाही."

वर्ग गप्प झाला असावा. मामांना ओठ थांबलेले दिसले. बाईंनी खडू फळ्यापाशी ठेवला आणि त्या जवळ आल्या.

"मग जुळली का ते कसं कळणार?" मुलीनं विचारलं.

"तुला कळेल. आधी मोठी ऐक, मग ही. आणि मला सांग."

तिनं दोन्ही फुंकल्या. पुन्हा फुंकल्या. कपाळाला आठी घातली. "थोडी चढी आहे, मामा."

"म्हणजे माझ्यासारखंच झालं तुझं. जास्त घासलीस. नवी काप."

ती हसली आणि करवत घेऊन बसली. तिच्या मागची दुसरी मुलगी आपली नळी पुढे करून उभीच होती.

संध्याकाळी मामा घरी चपला काढत होते, तेव्हा आतून बायको काहीतरी बोलली.

"काय?"

"काही नाही."

मामा तसेच स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "काय म्हणालीस ते सांग."

"अहो, काही नाही म्हटलं ना."

"असू दे. जे म्हणालीस तेच पुन्हा म्हण. माझ्याकडे बघून."

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मागच्या दाराला कडी लावा, म्हटलं."

"बरं," मामा म्हणाले, आणि जाऊन कडी लावून आले.