अलमेलूच्या बदल्यात

शेषगिरी मामांनी होडी बदलली आणि मला सांगितलं नाही. मला ते बंदराच्या फाटकावरच्या शिपायाकडून कळलं. त्यानं यादीत बोट फिरवलं आणि तमिळमध्ये म्हणाला, तुमचं नाव नाही. मी म्हटलं, नीट बघ, सोळा वर्षं आहे. त्यानं नीट बघितलं. नव्हतंच.

माझं नाव यादीत असायचं ते होडीच्या नावापुढे. अलमेलू, मालक शेषगिरी राव, क्रू विद्युलता. मी बंदरातल्या शिडाच्या होड्यांच्या क्लबची सभासद कधीच नव्हते. मामांनी विचारलं नाही, मी मागितलं नाही. रेल्वेच्या ऑफिसातली जालन्याची कारकून बाई तिथं सभासद होत नसते, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. होडी होती म्हणून मी होते. होडी गेली तर मी फाटकाबाहेर.

अलमेलू दोघांची होडी होती. तेरा फूट, लाकडी, मामांच्या आईचं नाव. मामा मागे सुकाणू धरून बसायचे, मोठं शीड त्यांच्याकडे. मी पुढे. पुढचं शीड, मधली फळी वर-खाली करणं आणि होडी कलली की अंग बाहेर टाकून ती सरळ ठेवणं, एवढं माझं. दर वर्षी एप्रिलमध्ये तिला उपडी करून मी घासायची आणि मामा रंग लावायचे, कारण माझा हात म्हणे वार्निशला जड होता. सोळा वर्षांत हात हलका झाला नाही असं त्यांचं मत.

मला या होडीत घातलं ते कनका मामीनं. मी बदली होऊन चेन्नईत आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, लग्न मोडून आले होते, आणि मैलापूरच्या भाजीबाजारात आईशी फोनवर भांडत होते. एक नऊवारीतली बाई वांगी टाकून माझ्याकडे वळली आणि जुन्या पोथीतल्यासारख्या मराठीत म्हणाली, आईशीं असें बोलूं नये, चल कॉफी घे. हे तंजावरचे लोक. तीनशे वर्षं इकडे राहून मराठी बोलतात, आपल्याला वाटतं चुकीची बोलतात, त्यांना वाटतं आपण. मामांचा गिंडीत छोटा कारखाना होता, पंपाचे भाग बनवायचा. रविवार होडीचा. मामीला पाणी बघूनच उलटी व्हायची. तिनंच सांगितलं, तूं जा याच्याबरोबर, हा एकटा गेला कीं मला घास उतरत नाहीं. लोक काय बोलतील असं मी म्हटलं, तर म्हणाली, याला बघून कोण काय बोलणार.

आता फेब्रुवारीतलं सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं आणि ते मी बिघडवलं.

वारा पाठीमागून असताना होडी वळवली की शिडाखालचा आडवा दांडा, बूम, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो. एका झटक्यात. मध्ये डोकं असेल तर डोक्यावरून. म्हणून रीत अशी की सुकाणूवाल्यानं आधी विचारायचं आणि पुढच्यानं उत्तर द्यायचं. मामा म्हणायचे, "फिरवूं?" मी म्हणायची, "फिरवा." मग मी वाकायची, मग ते फिरवायचे. माझं उत्तर आल्याशिवाय त्यांनी सोळा वर्षांत सुकाणू हलवलं नव्हतं. एकदा मला ठसका लागला होता तर ते तसेच सरळ जात राहिले होते, पार चुकीच्या बाजूला, मी बोलेपर्यंत.

त्या दिवशी आम्ही बाहेरून आत येत होतो. वारा मागून. मी शिडाची दोरी सोडवत होते आणि सहज मागे बघितलं. मामांचे डोळे उघडे होते आणि त्यात मामा नव्हते. दुसरं कसं सांगू. ओठ जरासे हलत होते, चघळल्यासारखे. हात सुकाणूवर होता आणि तो हात हळूहळू सुकाणू ओढत होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि बूम आला.

कानाच्या वर सात टाके पडले.

मी होडीच्या तळात पडले होते, पाण्यात रक्त होतं, आणि मामा परत आले. कुठून आले ते त्यांना माहीत नव्हतं, गेले होते हेही माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता.

"मीं विचारलें ना?" ते म्हणाले. "विद्युलते, मीं विचारलें ना?"

"विचारलंत," मी म्हटलं. "माझंच लक्ष नव्हतं."

का म्हटलं? लोकांना आवडेल असं कारण सांगायचं तर त्यांच्यासाठी म्हटलं. अर्धं तसंच होतं. उरलेलं अर्धं असं की मामांची होडी बंद झाली तर माझी पण बंद. मला आठवड्यातले सहा दिवस फायली आणि सातव्या दिवशी समुद्र, असं जगायची सवय लागली होती. डोक्यातून रक्त येत असताना मी तो हिशेब केला. क्लबच्या अपघाताच्या वहीत माझ्याच हातानं लिहिलं, लक्ष नसल्यामुळे मार लागला, आणि सही केली.

खोटं बोलले आणि मामांनी ते खरं मानलं. इतकं खरं मानलं की मंगळवारी मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या काचेच्या पेटीत बसून मी अर्धा तास बटणं दाबत होते आणि बाहेर मामा खुर्चीवर काळजीनं बसले होते. कान उत्तम निघाले. मामा म्हणाले, यंत्राला काय कळतें, समुद्रावर वारा असतो. क्लबमध्ये सगळ्यांना सांगू लागले की पोरगी चांगली आहे पण हल्ली ध्यान नाही. मी ऐकत होते आणि गप्प होते. मार्चभर आम्ही गेलो. दर वेळी मी पुढे बघायच्या ऐवजी मागे त्यांच्याकडे बघत बसायची, आणि ते म्हणायचे, बघ, पुन्हा ध्यान नाहीं.

मे महिन्यात मी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस जालन्याला गेले. आले तर हे.

फाटकावरून मी मामांना फोन केला. ते स्वतः आले, उन्हाची टोपी घालून, आणि पाहुणी म्हणून माझी नोंद करून मला आत घेतलं. पाहुणी. सोळा वर्षांनंतर. आत जिथं अलमेलू असायची तिथं एक पांढरी फायबरची होडी होती, एकच शीड, एकाच माणसाची. बसायला म्हणून खरं तर जागाच नव्हती, एक खळगा होता. वेंकट आणि रंजनी म्हणून कंप्युटरवालं नवीन जोडपं आहे, त्यांना दोघांनी मिळून जायचं होतं आणि वेंकटकडे ही एकट्याची होती. साधी अदलाबदल. देणं-घेणं काही नाही. अलमेलूला रंजनीनं आधीच निळा पट्टा मारला होता.

मामा खुशीत होते, म्हणजे खुशीत दिसायचा प्रयत्न करत होते. ही हलकी आहे, एकटा उचलतों, म्हणाले. मग माझ्या कानाच्या वर, केस अजून नीट उगवले नव्हते तिथं बघून म्हणाले, "तुझ्यासाठींच केलें. तुला काहीं जालें असतें तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवूं?"

माझ्यासाठी. माझं डोकं सलामत राहावं म्हणून हा माणूस आता एकटा समुद्रावर जाणार होता, ज्याचे डोळे उघडे असतात आणि आत कुणी नसतं. आणि हे मी केलं होतं, एका वाक्यानं.

मी तिथंच सांगितलं. घुमवून फिरवून नाही. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही शुद्धीत नव्हता. दहा-बारा सेकंद. मी खोटं बोलले.

ते ऐकत राहिले. मग दोरी गुंडाळता गुंडाळता हसले, आणि ते हसणं इतकं मायेचं होतं की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

"होडी गेली म्हणून आतां हें बोलतेस होय?" ते म्हणाले. "तुझें दुःख कळतें मला. पण असें नको करूं."

मी सेक्रेटरीकडे गेले. कृष्णस्वामी म्हणून आहेत, निवृत्त कॅप्टन, सज्जन माणूस. त्यांनी वही काढून माझीच सही मला दाखवली. मग मोठ्या अदबीनं म्हणाले की मॅडम, जुनी होडी गेली की सगळ्यांनाच त्रास होतो. माझा त्रास त्यांनी तिथंच मिटवला आणि चहा मागवला. तोवर मामा ती पांढरी होडी घेऊन पाण्यात उतरले होते.

मी धक्क्यावर उभी राहिले. एक तास वीस मिनिटं. एवढा वेळ मी कुठल्या माणसाकडे कधी बघितलेलं नाही. काही झालं नाही. मामा व्यवस्थित गेले आणि व्यवस्थित आले, भिजलेले, दमलेले, हात वर करून. काही झालं नाही हेच वाईट झालं, कारण आता तर मी पक्की खोटारडी.

मग मैलापूर. मामी भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, टाक्यांचं, वहीतल्या सहीचं, कानाच्या डॉक्टरचं. मला वाटलं रडेल, मला शिव्या देईल. ती शेंगा मोडत राहिली. मग सांगू लागली, दिवाळीच्या आधीपासून होतंय. कॉफीचा पेला हातात धरून बसतात आणि पेला कलत जातो, लुंगीवर सांडतो, चटका बसला की भानावर येतात. एकदा देवापुढे निरांजन घेऊन उभे होते ते तसेच उभे. तीन वेळा, चार वेळा. तिनं ना मुलीला सांगितलं, ना डॉक्टरला.

मी विचारलं, का?

"हें कळलें कीं यांची होडी सुटेल, आणि होडी सुटली कीं हे जगणार नाहींत," मामी म्हणाली. "आणि होडींत तूं अहेस. मग मला काय भीति? तूं अहेस म्हणून मी गप्प होतें."

मी पण एक शेंग मोडायला घेतली. मी त्यांच्यासाठी गप्प, ती माझ्या भरवशावर गप्प. त्या घरात नवऱ्याबद्दल नवऱ्यासमोर बोलत नाहीत आणि त्याच्या मागे तर मुळीच बोलत नाहीत, याला ते संस्कार म्हणतात. मला त्याला दुसरं नाव द्यायचं आहे, पण मी पण तेच केलं होतं, आणि मी जालन्याची.

मामीनं हात पुसले आणि मुलीला, कीर्तनाला फोन लावला. बंगळूरहून ती त्याच रात्रीच्या गाडीनं निघाली. तपासण्या झाल्या. मेंदूत कुठं तरी ठिणगी पडते, झटका येतो, पडायला-बिडायला होत नाही, माणूस नुसता काही क्षण नसतो. गोळ्या सुरू झाल्या, झटके टिपायला डॉक्टरनं एक वही ठेवायला सांगितली. गाडी नाही, स्कूटर नाही, जिना एकट्यानं नाही, पाणी तर नाहीच. डॉक्टरचं पत्र कीर्तनानं क्लबमध्ये नेऊन दिलं. कृष्णस्वामींनी मला फोन करून सॉरी म्हटलं. मी फोन ठेवून दिला. वेंकटची ती पांढरी होडी वेंकटलाच परत गेली, ठेवणार कोण. अलमेलू परत मागायची कुणाला सुचलं नाही. मागून तरी काय करणार होतो.

रंजनीनं मला विचारलं, आँटी, आम्हाला शिकवायला येता का, पास काढून देतो. मी नाही म्हटलं. माझ्याशी चांगलं वागणाऱ्यांचा मला तेव्हा फार राग येत होता.

मामा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी गेले की आत जाऊन झोपायचे. ऑगस्टमध्ये एका दुपारी गेले तर बाहेरच्या खोलीत बसले होते, दाढी वाढलेली, मनगटं बारीक झालेली. मामी कॉफी करायला आत गेली. पंखा फिरत होता. मी पेपर चाळत होते, आणि ते एकदम बोलले, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशींच सांगायचें होतेंस."

मी पेपरचं पान अर्धं उलटून धरलं.

"सांगितलें असतेंस तर मी पुढें बसलों असतों. सुकाणू तुझ्या हातीं दिलें असतें. होडी दोघांची होती ना. जागा बदलायची, होडी कशाला बदलायची?"

आईशप्पथ सांगते, सोळा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सुकाणूला हात लावीन आणि मामा पुढे बसून माझं ऐकतील. त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, माझ्या मनात कधी शिरलं नाही. मी होडी वाचवायला खोटं बोलले आणि होडी वाचवायचा रस्ता तो होता. आतून मामी म्हणाली, ऐकूं नकोस याचें, मुलीच्या स्कूटरवर मागें बसायलासुद्धां हा राजी नसायचा. मामा म्हणाले, स्कूटर वेगळी.

आता बोलायला काय जातं, असंही मला वाटलं. हातातलं सगळं गेल्यावर माणूस फार उदार होतो. मला खरं काय ते हवं होतं. मी पेपर खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "मामा, खरंच दिलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले. ते बघतच राहिले, ओठ जरासे हलले, चघळल्यासारखे, आणि मला कळलं. मी त्यांच्या हाताखाली उशी सरकवली आणि मनात आकडे मोजले. चौदापर्यंत गेले.

मग पापण्या लवल्या. त्यांनी खोलीभर बघितलं, पंख्याकडे, माझ्याकडे.

"काय म्हणत होतीस?"

काही नाही, असं म्हणणं फार सोपं होतं.

"मामा, तुम्ही आत्ता इथं नव्हता," मी म्हटलं. "चौदा सेकंद."

त्यांनी आपल्या हाताखालची उशी चाचपून बघितली. मग मामीला हाक मारून डॉक्टरची वही आणायला सांगितली, आणि स्वतः चष्मा लावून त्यात तारीख, वेळ आणि चौदा हा आकडा लिहिला. अक्षर वाकडं आलं. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे केली आणि खाली सही कर म्हणाले, बघणारी तूं होतीस.

मी सही केली. तो प्रश्न मी पुन्हा विचारलेला नाही.