उजव्या कानाची फिरकी

सासूबाईंनी कानातले टॉप्स काढून सूनबाईच्या तळहातावर ठेवले, तेव्हा तिची छाती अभिमानाने फुगली. आजवर त्यांच्या सोन्याला घरात दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. संध्याकाळी सासूबाईंना शाळेतल्या मैत्रिणी भेटणार होत्या आणि टॉप्स लखलखीत हवे होते.

"टूथपेस्ट लावायची नाही, चरे पडतात. पाणी कोमट. ब्रश मऊ. आणि घासू नकोस, कुरवाळ!"

"हो, आई."

"नुसतं हो नको. काय सांगितलं?"

सूनबाईने पाढा म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे त्या केस धुवायला गेल्या.

तिने सगळं बरहुकूम केलं. वाडग्यात कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. ब्रश सोन्याच्या पाकळ्यांमधून हळूच फिरला, तसा तेल-पावडरीचा राखाडी थर सुटला आणि खालून असा काही पिवळाधमक रंग उमटला की ती बघतच राहिली. शेवटी साबण घालवायला तिने नळ सोडला. उजव्या टॉपची फिरकी बोटांतून निसटली, सिंकमध्ये एक गिरकी घेतली आणि गडप! भोकावरची जाळी तिनेच धुऊन बाजूला ठेवली होती.

तिने झटकन नळ बंद केला.

"काय पडलं गं?" सासरे हातातल्या पेपरासकट आत आले.

"बाबा, फिरकी! आता आई मला पुन्हा सोन्याला हात लावू देणार नाहीत."

"आधी बादली आण. आणि आवाज नको."

"पाइपाच्या वाकणातच असेल ना? सोनं जड, एवढ्याशा पाण्याने चढ चढायचं नाही."

"चढलं तर दोघंही घराबाहेर," म्हणत सासऱ्यांनी सिंकखाली डोकं घातलं आणि वाकडा पाइप फिरवून सोडवला. बादलीत काळा गाळ पडला. तिने नाक दाबून तो जुन्या गाळणीत ओतला. फिरकी चमकली! तिच्याशेजारी आणखी एक काळा दाणा होता. ब्रश फिरवला, तर तीही फिरकीच.

आता तिला राहवेना. आज पडलेली फिरकी टॉपवर चढवली, तर डुगडुगली. दुसरी चढवली, तर शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट बसली.

"बाबा, मूळची ही आहे!"

"आणि ही बाई इतकी वर्षं सोनाराच्या नावाने खडे फोडतेय, आटे नीट पाडले नाहीत म्हणून!" पाइप बसवायला पुन्हा आत शिरता शिरता सासरे म्हणाले.

दारात सासूबाई उभ्या होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

"आई, माझ्या हातून सिंकमध्ये..."

"माझ्याही हातून," त्या पुटपुटल्या. "दुसरी गुपचूप बनवून आणली मी. जाळी काढू नकोस, तेवढी एक सूचना तुला दिली नाही बघ. दिली असती, तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं."

"आणि वेंधळा कोण? मी!" सिंकखालून आवाज आला.

सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी टॉप्स घातले आणि जोरात मान हलवून पाहिली. उजवा जागचा हलला नाही. खुशीत त्यांनी हातातल्या बांगड्याही सरसर उतरवल्या.

"ह्या पण घे. ये, दोघी मिळून करू," म्हणत त्यांनी नळ पूर्ण सोडला.

"अगं ए! पाइप लागायचाय अजून!"