भावाने वाचलेलं पत्र

दुपारी ती नेहमीसारखी खिडकीपाशी बसून शर्टांना काजं करत होती. नजर अधू झाली होती, पण बोटं तरबेज होती. डोळ्याचा पडदा कडेकडेने मरत चालला होता. समोरचं वाटीएवढं दिसे, बाजूचं सगळं अंधारात. आत्याचेही डोळे असेच गेले होते. घरात त्याला 'अशक्तपणा' म्हणत. मुलामुलींची लग्नं उरकेपर्यंत अशा अब्रूदार घरांत कुणाला काही आजार म्हणून नसतोच!

तिला आलेलं पत्र दादाच वाचून दाखवी. दोन वर्षांपूर्वी इस्पितळाचं पत्र आलं, तेही त्यानेच वाचलं होतं. "त्या नव्या उपचारासाठी तुझी निवड नाही झाली गं," म्हणत त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. वर ती रडत रडत त्याचीच समजूत घालत बसली होती.

आज वहिनी कपाट आवरत होती. तिला सातवा महिना होता. दादाच्या जुन्या कागदांत तिला ते पत्र सापडलं.

"ताई, हे तुमचं दिसतंय," म्हणून ती मोठ्याने वाचू लागली, "'प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्याच्या पडद्याखाली बसवण्यासाठी आपली निवड झाली आहे. महिन्याभरात यावे. आजार आनुवंशिक असल्याने भावंडांनीही डोळे तपासून घ्यावेत.'"

वहिनी थांबली. तिचा हात पोटावर गेला. "आनुवंशिक? मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

संध्याकाळी दादा मान खाली घालून म्हणाला, "माझं लग्न ठरत होतं. तपासणीला गेलो असतो तर सगळीकडे बभ्रा झाला असता."

"मीच सांगितलं त्याला," वडील म्हणाले. "घराचं नाव जपायला नको?"

"आणि मी तुला जन्मभर सांभाळणारच होतो ना!" दादा म्हणाला.

"सांभाळ म्हणून कुणी सांगितलं होतं तुला?" ती ओरडली. "मी डोळ्यांच्या जागी तुला धरलं होतं रे, दादा!"

त्या घरात आजवर कुणी एवढ्या मोठ्याने बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौघं इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"उजव्या डोळ्यात आता राखण्यासारखं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या. "नव्या पेशी आजारी पेशींना आधार देतात. मेलेल्यांना उठवत नाहीत. डाव्याचा मधला भाग अजून जिवंत आहे. तेवढा कदाचित टिकेल, खात्री नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी का नाही आलात?"

तिने दादाच्या दिशेने मान वळवली. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. "घरात आणखी कुणाला हा त्रास?"

"छे, कुणाला नाही," वडील घाईने म्हणाले.

"आत्याला होता, लिहा," ती म्हणाली. "चुलत बहिणींना मी स्वतः कळवणार आहे."

"अगं, त्यांची लग्नं व्हायची आहेत!"

"आणि डोळे, बाबा?"

"ह्यांचीही तपासणी आजच करा," वहिनी म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

नर्सने संमतीपत्र आणून तिच्या हातात दिलं. "सही करण्याआधी पेशंटला हे घरच्या कुणीतरी नीट वाचून दाखवा."

सवयीने दादाचा हात पुढे झाला. "आण इकडे, मी वाचतो."

तिने कागद छातीशी घट्ट धरला.

"घरचं माणूस नको," ती नर्सला म्हणाली. "तुम्ही वाचा. आणि एकही ओळ गाळू नका."