ज्याची बांधी त्याचं नाव

२०१४ साली गोंदियात पॉडकास्ट हा शब्द कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातली दोन आमच्याच ऑफिसात बसत. एक मी, योगेश्वरी, आणि दुसरे आमचे मालक भैयाजी. भैयाजी तो शब्द नागपूरच्या कुठल्याशा मेळाव्यातून घेऊन आले होते आणि मला तो त्यांनी चहाबरोबर समजावून सांगितला होता. म्हणजे खरं तर दीडच माणूस.

आमची कंपनी धानाच्या बियाण्याची, बाघकाठ सीड्स. ऑफिस गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात. वेबसाइट सांभाळायला मी आणि बोलायला रूपलाल काकाजी. काकाजींनी शेतकी खात्यात छत्तीस वर्षं काढली होती. सायकल, मग लुना, मग परत सायकल, असा जिल्हाभर प्रवास केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरी बसले आणि सून म्हणायची तसं, रेडिओशी भांडू लागले. भैयाजींनी त्यांच्या हातात रेकॉर्डर दिला आणि माणूस पुन्हा माणसात आला. दर आठवड्याला कुणाच्या तरी बांधीत उभं राहून ते बोलत आणि मी ते साइटवर टाकत असे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी पारी, म्हणजे मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे वावरापेक्षा बांधीच मोजतात.

जूनमध्ये भैयाजींनी मला बोलावलं.

"योगेश्वरी, हे कोण ऐकून राहिलं?"

मी आकडा सांगितला. महिन्याला चाळीस.

"दिवाळीपर्यंत महिन्याला हजार माणसं आली तर ठेवू. नाही तर बंद. काकाजीले मी समजावीन."

काकाजींना समजावणं म्हणजे त्यांना परत त्या रेडिओसमोर बसवणं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. सकाळी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून "काय जी, आज कोणतं गाव?" असं विचारत येणारा तो माणूस मला माझ्या सख्ख्या काकापेक्षा जवळचा वाटायचा, आणि हे मी काकाला ऐकू जाईल अशा बेतानेही म्हणायला तयार होते.

कमरेला पदर खोचून कामाला लागले. आमच्या पानांवर होतं काय, तर 'भाग १', 'भाग २' आणि वाजवायचं बटण. गूगलला कान नसतात, त्याला वाचायला लागतं. मग मी एकतीस भाग ऐकून टाईप केले. एका साइटवरून नियमांची यादी उतरवून टेबलावर चिकटवली होती: मुख्य शब्द शीर्षकात हवा, पहिल्या ओळीत हवा, फापटपसारा नको. त्या यादीवर माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

फापटपसारा म्हणजे काकाजींची सुरुवात. "आज आपण कामठ्याच्या केवळराम पटल्यांच्या बांधीत उभे आहोत. केवळरामभाऊ म्हणजे मनीरामजींचे मोठे. यांची बहीण रावणवाडीले दिली. ही बांधी त्यांच्या आज्याने जंगल तोडून काढली." अशी चार मिनिटं गेल्यावर कुठे खोडकिडा यायचा. मी ती चार मिनिटं लिहिण्यातून साफ कापली आणि एकतीसही पानं खोडकिडा, करपा, तुडतुडे अशी पहिल्याच ओळीत सुरू केली. स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी समोसे मागवले.

ऑगस्ट संपला तरी आकडा सत्तर. तुडतुडे शोधणाऱ्याला विद्यापीठं आधी दिसत, मग सरकार, मग औषधांच्या मोठमोठ्या कंपन्या. आम्ही सातव्या पानावर, आणि तिथवर कोण जातं?

त्याच सुमारास काकाजी म्हणाले, "माह्यावालं काय लिहिलंस ते कागदावर काढून दे. वाचतो." मी अभिमानाने छापून दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि कागद टेबलावर ठेवले.

"यातली माणसं कुठं गेली?"

"काकाजी, त्याची गरज नसते. लोक किडीबद्दल शोधतात."

"केवळरामच्या बांधीतली कीड पाहिली ना मी? का हवेतली पाहिली?" आवाज चढला. "छत्तीस वर्षं झाली, मालकाचं नाव घेतल्याबिगर मी कोणाच्या बांधीत पाय नाही टाकला. ज्याची बांधी त्याचं नाव. नाव न घेता आत जाते तो चोर. तू मले चोर बनवून राहिली बेटी."

त्यांनी रेकॉर्डर माझ्यासमोर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले. तीन दिवस आले नाहीत.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? ज्याच्यासाठी मरमर करावी त्यानेच असं बोलावं! पण कार्यक्रमच नसेल तर पानं कुणाची वर आणायची? नाक मुरडत मी कापलेल्या सगळ्या सुरुवाती टाईप केल्या: नाव, बापाचं नाव, गाव, सोयरीक. 'खोडकिडा, भाग ९'च्या जागी शीर्षक केलं, 'केवळराम पटले, कामठा: खोडकिडा'. तेव्हा फोनवर मराठी लिहिणारे थोडे, म्हणून नाव-गाव इंग्रजी अक्षरांतही दिलं. नियमांच्या यादीकडे पाहायची लाज वाटत होती. मग काकाजींच्या घरी जाऊन ते कागद दाखवले. त्यांनी सगळे वाचले, एका ठिकाणी सोयरीक चुकली होती ती दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी दहाला हजर.

सप्टेंबरच्या शेवटी मी गूगलची शोधांची यादी उघडली. लोक काय शोधून आपल्या पानावर आले ते गूगल सांगतं. त्या यादीत खोडकिडा नव्हताच. त्यात माणसं होती. केवळराम पटले कामठा. झाडू उईके सालेकसा. आमच्या एका भागातल्या शामकलाबाईंचं नाव, नुसत्या गावाचं नाव. शोधणारे होते नागपूर, सुरत, पुणे, हैदराबादचे. गाव सोडून गेलेली पोरं सहज म्हणून बापाचं नाव टाकत होती, आणि त्या नावाचं अख्ख्या जगात एकच पान होतं. आमचं.

एक दिवस फोन वाजला. पलीकडे भूपेंद्र उईके, हैदराबादच्या एका पाईपच्या कारखान्यातून. सालेकशात कचारगडच्या वाटेवर त्याच्या बाबांच्या, झाडूभाऊंच्या, दोन बांध्या.

"मॅडम, रूममधे सात पोट्टे आहोत. सगळ्यांनी आपापल्या बापाचं नाव टाकून पाहिलं. कोणाच्याच बापाचं नाही निघालं जी. माह्याच बापाचं निघालं!" तो हसत होता, आणि हसता हसताच त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

दिवाळीच्या आठवड्यात महिन्याचा आकडा अकराशेवर गेला. काकाजींना घेऊन मी भैयाजींच्या केबिनमध्ये शिरले. भैयाजींनी शोधांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"हे गिऱ्हाईक आहेत का? हैदराबादचा पोट्टा धान पेरते का? हजार म्हटलं तर तू कोणतेही हजार आणशील?"

त्यात तथ्य होतं, हीच पंचाईत. मी भूपेंद्रचा फोन सांगितला, सात पोरांसकट. भैयाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि गूगलवर दोन बोटांनी टाईप केलं. जागेश्वर रहांगडाले, कुडवा. त्यांचे वडील. भैयाजी कॉलेजात असतानाच ते गेले, एवढंच मला माहीत होतं.

गूगलवर मध्य प्रदेशातला कुणी वकील निघाला. मग एक मतदारयादी, तीही दुसऱ्याच गावची. भैयाजी खाली खाली जात राहिले. तिसऱ्या पानावर थांबले.

"बाबूजीचं काहीच नाही," ते म्हणाले. ओरडून बोलणारा माणूस, पण मला ते जेमतेम ऐकू आलं.

काकाजी उठले. "जागेश्वरभाऊच्या बांधीतच तर बसून राहिलो आपण, भैयाजी. हे ऑफिस कायच्यावर आहे? चला."

खाली, दुचाक्या लावायच्या जागेत, त्यांनी रेकॉर्डर सुरू केला. "नमस्कार जी. आज आपण कुडव्याच्या जागेश्वर रहांगडाल्यांच्या बांधीत उभे आहोत." सिमेंटवर उभं राहून ते सांगत होते, पाणी कुठून यायचं, रोवणीला कोण बाया यायच्या, कोणत्या साली पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, वाहून गेले आणि जागेश्वरभाऊंनी दुसऱ्यांदा कसे टाकले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "पारीवर काय राहे, भैयाजी?"

"तूर," भैयाजी म्हणाले. मग खाकरून, रेकॉर्डरच्या जवळ येऊन, "माय लावे."

कार्यक्रम पुढे चार वर्षं चालला. काकाजी थकले तेव्हा बंद झाला. भैयाजींनी कधी पुन्हा आकडा विचारला नाही.

त्या भागावर मात्र फारसं कुणी आलं नाही. मोजणीत एकच भेट दिसायची, गोंदियाची, रोज सकाळी साडेनऊला, बाकीचा स्टाफ यायच्या आधी. नियम असा की आपल्याच ऑफिसातून झालेल्या भेटी आकड्यातून वगळायच्या. ती मी चार वर्षांत एकदाही वगळली नाही.