पिवळ्या रेघेच्या मागे

"थंडीत त्याला गॅरेजचं दार लावू देऊ नकोस," ओपल म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानात ती गल्ल्यामागे उभी राहून माझ्या पिशवीत रबरी नळीचं वेटोळं कोंबत होती. "उन्हाळ्यात खेळू दे त्याला काय खेळायचं ते. पण दार उघडं. ऐकतेस ना, मार्नी?"

मी हो म्हटलं आणि माझ्या लेकीच्या, जूनीच्या मुठीतून खिळे काढून घेतले. ओपलला नदीची भीती वाटायची, विजेची वाटायची, गवतातल्या गोचिडीची वाटायची. तिच्या भीतीला किती किंमत द्यायची? मी तर द्राक्षसुद्धा चार फोडी केल्याशिवाय जूनीला देत नव्हते. माझ्या स्वतःच्याच काळज्या मला पुरून उरत होत्या.

नळी माझ्या सासऱ्यांसाठी होती. व्हर्लिन स्टिडम. गावात त्यांना सगळे पॉप म्हणत, मीही म्हणायचे. कागदाच्या गिरणीत दुरुस्ती खात्यात त्यांचा जन्म गेला. पंप, पट्टे, गळके व्हॉल्व्ह. गिरणी बंद पडली आणि त्याच हिवाळ्यात सासूबाई, नोरीन, गेल्या. त्यानंतरही पॉप उजाडायच्या आत उठत, थर्मासमध्ये कॉफी भरत, झाकण घट्ट फिरवत आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसून त्या थर्मासमधून कॉफी पीत. गिरणीचं जाकीट अंगात असायचं. माझा नवरा लॉनी नदीवर, कोळसा वाहणाऱ्या बार्जवर, सपाट मालबोटीवर काम करतो. तो गेला की आठवडेच्या आठवडे येत नाही. घरात पॉप, मी आणि पोर. एक माणूस रोज समोर बसून कामावर निघतो आणि खुर्चीतून हलत नाही, हे बघणं सोपं नव्हतं.

म्हणून एका सकाळी त्यांनी टेबलावर स्टीलचे चौकोनी पत्रे मांडले तेव्हा मला बरंच वाटलं.

"हे काय, पॉप?"

"ड्राय सेल. पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि गाडीच्या इंजिनाला पाजायचा."

"पाण्यातून काढायचा, तर मग ड्राय कसला?"

"पत्रे पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. पाणी फक्त त्यांच्या मधे. बाहेरून कोरडा ठाक." ते पॉलिश पेपरने पत्र्यावर आडव्या-उभ्या रेघा मारत होते. "गुळगुळीत पत्र्याला बुडबुडा चिकटून बसतो. खरखरीत असला की सुटतो."

दोन पत्र्यांमधे रबराची चकती, पुन्हा पत्रा, पुन्हा चकती. दोन्ही टोकांना जाड पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे, आणि आरपार लांब बोल्ट. बोल्ट ते समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळत. एका बाजूने आवळत गेलं की दुसरीकडून गळतं. आत पोटॅश घातलेलं पाणी, म्हणजे त्यातून वीज वाहते. बॅटरीची तार जोडली की पत्र्यांवर दुधासारखा फेस यायचा आणि गॅस नळीतून पुढच्या बाटलीत जायचा. त्या बाटलीत साधं पाणी. त्यातून गॅस बुडबुडे काढत वर येणार आणि मग इंजिनात जाणार.

"ही बाटली म्हणजे राखणदार," पॉप म्हणाले. "इंजिनातून जाळ उलटा आला तर इथे पाण्यात विझतो. मागे सरकत नाही."

"आणि बॅटरी कोण भरतं?"

"इंजिन."

"इंजिनाला पेट्रोल लागतं. म्हणजे मिळतं त्याहून जास्त आपणच घालतो."

"कॉलेजात शिकवलं वाटतं."

"पहिल्याच वर्षी."

"बरं झालं मी गेलो नाही. नाहीतर सकाळी उठून काय केलं असतं?"

मी पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडून त्यांच्या हातात दिला.

त्यांना सोबतीही मिळाले, इंटरनेटवर. कॅनडातला एक म्हातारा तर छातीठोकपणे सांगायचा की तेल कंपन्या अशा लोकांच्या घरी धमकवायला माणसं पाठवतात.

"आली तर बूट बाहेर काढायला सांगा त्यांना," मी म्हटलं. "आत्ताच फरशी पुसलीय."

पॉप हसले. नोरीन गेल्यानंतर पहिल्यांदा.

गॅरेजच्या जमिनीवर त्यांनी पिवळ्या रंगाची जाड रेघ मारली. गिरणीत प्रत्येक यंत्राभोवती तशी असायची. रेघेच्या पलीकडे फक्त यंत्र चालवणारा. दुसऱ्या कुणाचा पाय रेघेवर पडला की यंत्र बंद, मग तो मुकादम का असेना. जूनीला त्यांनी हा नियम प्रार्थनेसारखा पाठ करून घेतला.

"बोटं कुठेत?"

"लेघेच्या मागे!"

"रेघेला बोट लागलं तर?"

"काम बंद!"

मग ती मुद्दाम अंगठा पुढे सरकवायची. पॉप त्याच क्षणी तार उपटायचे, दोन्ही हात वर करायचे. ती खिदळायची. दर वेळी. एकदासुद्धा त्यांनी 'थांब जरा, एवढं होऊ दे' म्हटलं नाही.

जानेवारीत नदीच्या कडा गोठल्या आणि जूनीला खोकला लागला. तिचा पलंग गॅरेजच्या भिंतीला लागून होता. एका सकाळी बघते तर गॅरेजचं दार खाली ओढलेलं, आणि खालच्या फटीत नोरीनची गोधडी ठासून भरलेली.

"पॉप, दार उघडं ठेवायचं ठरलं होतं."

"तिच्या भिंतीला हात लावून बघ."

मी लावला. भिंत बर्फासारखी होती.

"मग दार बंद असताना ते चालवायचं नाही," मी म्हटलं.

"दार बंद असलं की तार लावणार नाही. शब्द दिला."

त्यांनी शब्द पाळला, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. लॉनी आजही ते मान्य करत नाही. पण तार लागलेली नव्हती. मी स्वतः पाहिलं.

झालं ते असं. आदल्या संध्याकाळी दार उघडून त्यांनी सेल चालवला होता, मग बंद करून बाटलीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीची तोटी फिरवली होती. सेलमधलं पोटॅशचं पाणी सहजासहजी गोठत नाही. राखणदार बाटलीतलं साधं पाणी मात्र रात्रीत गोठलं. आणि बर्फाच्या वर, झाकणाखाली, कालचा गॅस तसाच राहिला.

मी ओटमील ढवळत होते. वळले तर जूनीची खुर्ची रिकामी. गॅरेजकडचं दार किलकिलं होतं.

"बोटं कुठेत?" आतून पॉपचा आवाज.

"लेघेच्या मागे!"

मी चमचा ठेवला आणि तिकडे निघाले. तेवढ्यात केस वाळवायच्या यंत्राची घरघर ऐकू आली. हेअर ड्रायर? या घरात तो नोरीननंतर कुणी हातात घेतला नव्हता. मी केस कापून टाकले होते, पोर झाल्यावर वेळ कुणाला? कशाला लावलाय, असं मनात येतंय तोवर...

तो आवाज मला आठवत नाही. कपाटातले कप खाली आले, ते आठवतं.

जूनी रेघेच्या मागे उभी होती. दोन्ही पायांची बोटं रेघेला लागू न देता, शहाण्यासारखी. तोंड उघडं, रडू फुटत नव्हतं. अंगावर एक ओरखडा नाही. रेघेच्या पलीकडे पॉप जमिनीवर बसले होते. गालात प्लास्टिकचे तुकडे रुतलेले, दोन्ही कानांतून रक्त, हातात ड्रायरची मूठ. बर्फ वितळवायला त्यांनी बाटलीचं झाकण सैल केलं होतं आणि त्यावर तो जुना ड्रायर धरला होता, ज्याच्या आत चालू असताना ठिणग्या दिसायच्या. जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. पण ती बायकोची वस्तू, न्हाणीघरातली. तिला त्यांनी यंत्रांत धरलंच नव्हतं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. जूनीच्या पायांकडे बघत होते.

"काम बंद," ते म्हणाले. फार मोठ्याने, स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं. "काम बंद, जूनी. जा आईकडे."

तेव्हा कुठे ती हलली.

पॉपना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लॉनी बोटीवरून सुट्टी काढून आला, ओरडला, रडला, आणि ओरडलेलं ऐकू जात नाही हे लक्षात आल्यावर जास्तच रडला. शेवटी मीच कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: ते यंत्र किंवा जूनी. पॉपनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"घर पोरीचं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, यंत्र जाईल. ते स्वतःच निघाले. हरणांच्या शिकारीला गेलं की राहायला ओढ्याकाठी त्यांची जुनी ट्रेलर-गाडी उभी होती, तिथे. पत्रे, बोल्ट, पोटॅशचा डबा पिकअपमध्ये भरला. मी घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी बांधून दिली. ते गेल्यावर मी न्हाणीघरात गेले तर फळीवर, नेहमीच्या जागी, ड्रायरची नुसती मूठ ठेवलेली होती. स्वच्छ पुसून.

आता आम्ही तिथे नाही. लॉनीचं काम नदीच्या खालच्या अंगाला गेलं, आम्हीही आलो. ओपल लेकीकडे फ्लोरिडाला गेली. पॉप फोनवर बोलू शकत नाहीत, पण दर रविवारी जूनीला फोटो पाठवतात. बाटली आणि तिच्यातले बुडबुडे. पानगळीच्या दिवसांत आम्ही भेटून आलो. ट्रेलरला लागून त्यांनी शेड उभारली होती, तिला दारच ठेवलं नव्हतं, नुसती ताडपत्री, तीही वर गुंडाळलेली. "बघ," ते मला म्हणाले, "लावायला दारच नाही." मी मान डोलावली. जूनी पळत जाऊन पिवळ्या रेघेमागे उभी राहिली.

मागच्या फोटोत ताडपत्री खाली सोडलेली होती. बाटलीवर हिमाची नक्षी होती. मी लिहिलं, ताडपत्री वर करा. उत्तर नाही. पुढचा रविवार आला, फोटो आला नाही. ओढ्याकडच्या रस्त्यावरचा बर्फ अजून काढलेला नाही म्हणतात. लॉनी बोटीवर आहे. जूनीला ताप आहे, तिला घेऊन मी एवढ्या लांब निघू शकत नाही. ती विचारते, बुडबुडे कुठेत?

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, जात असेल, तर एवढं करा. गिरणीच्या चिमणीवरून डावीकडे वळलं की ओढ्याचा रस्ता लागतो. शेवटची ट्रेलर त्यांची, हिरवी. दार ठोकू नका, हाका मारू नका, काही ऐकू येत नाही त्यांना. सरळ ताडपत्री वर करा आणि आत जा. जमिनीवर पिवळी रेघ दिसेल.

तिच्यावर पाय ठेवा. ते काहीही करत असोत, हात वर करून थांबतील.