विलायती गुलाबाची झारी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. अंगभर गंज चढलाय, तोंडाची निम्मी भोकं बुजलीत आणि माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही. असं का झालं, ते सांगते.

शहागंजातल्या एका पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं. तिथून काकासाहेबांनी मला विकत आणलं, ते फक्त एका झुडपासाठी. काकासाहेब वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि बजाजनगरात स्वतःच्या घरात राहत. गावाकडं त्यांची बक्कळ शेती होती, पण तिथल्या मातीला हात लावायची त्यांना लाज वाटे. कारखान्याचे मोठे साहेब श्रीनिवासराव, त्यांच्या बंगल्यात काकासाहेबांनी एकदा विलायती गुलाब पाहिला. फिकट गुलाबी, वाटीसारखं फूल, आत पाकळ्याच पाकळ्या. झालं! पुण्याहून तसंच रोप आलं आणि अगदी फाटकाला खेटून लागलं. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं नाही, तर गुलाब लावायचा कशाला?

असा माळी मी जन्मात पाहिला नाही. भर दुपारी शेजारी ओट्यावर बसले, की काकासाहेब मला उचलत आणि झुडपाच्या डोक्यावर धार धरत. सतत भिजून पानांवर काळे ठिपके पडले, तेव्हा त्यांनी पुण्याच्या नर्सरीला शिव्या घातल्या. एरवी पाणी, शेणखत, खुरपणी, सगळं त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंच्या गळ्यात. थंडीत झुडूप फुलांनी वाकलं आणि गल्ली कौतुक करू लागली. "गुलाबाला जाणता हात लागतो," असं काकासाहेब सांगत. बाई आत भाकरी थापत ते ऐकत. मला तर त्या गुलाबाचाही राग यायचा. पाहुणा असल्यासारखा मान खाली घालून नुसता पाणी पीत बसायचा.

मग उन्हाळा आला. नळाचा नेम राहिला नाही. टँकर दिसला की बायका हंडे घेऊन पळत. नेमकं तेव्हाच श्रीनिवासरावांनी रविवारी पत्नीसह चहाला यायचं कबूल केलं. झुडपावर धड अशी एकच कळी होती. काकासाहेबांनी बाईंची साडी ओली करून तिच्यावर मांडवासारखी बांधली आणि घरात बजावून ठेवलं, की पिंपातलं पाणी आता आधी गुलाबाला.

शनिवारी शेजारच्या आवडाबाई रिकामी कळशी घेऊन फाटकाशी आल्या. त्यांची आशा बाळंतपणाला माहेरी आलेली, अजून ओली बाळंतीण. टँकर आलाच नव्हता. "आंघोळीचं ऱ्हाऊ द्या, पोरीला प्यायला बी पाणी नाय," त्या म्हणाल्या. मनकर्णाबाई कळशी घ्यायला पुढं झाल्या, तोच काकासाहेब आडवे आले. आमच्याच घरात थेंब नाही, उद्या बघू, असं त्यांनी तोंड वर करून सांगितलं. आणि आवडाबाई अजून फाटकातच उभ्या असताना त्यांनी मला पिंपात बुडवून काढलं आणि गुलाबाच्या मुळाशी रिकामं केलं.

आवडाबाईंनी रिकामी कळशी कमरेवर घेतली. त्या परत गेल्या. मला हात असते, तर मी माझी भोकं बुजवून घेतली असती.

रविवारी पाहुणे आले. फूल उमललं होतं, पण उन्हानं त्याच्या कडा करपल्या होत्या. काकासाहेब तरी मोठ्या ऐटीत गुलाबाची थोरवी सांगत होते. श्रीनिवासरावांनी एकदा फुलाकडं पाहिलं आणि पत्नीला विचारलं, "उमा, हे आपल्याकडंही आहे का गं?" उमाबाई म्हणाल्या, असेल, माळ्याला विचारायला हवं.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. तरीही हौस फिटली नव्हती. पाहुण्यांसमोर पाणी घालून दाखवावं म्हणून त्यांनी मला मागवलं. मनकर्णाबाईंनी मला काठोकाठ भरून आणलं. गुलाबाजवळून त्या सरळ पुढं गेल्या आणि फाटक उघडलं.

"अगं, झाड इकडं हाय," काकासाहेब हसत म्हणाले.

बाई वळल्या. "झाड दिसतंय मला. तुम्हाला बाळंतीण दिसत नाय."

शेजारच्या उंबऱ्यावर त्यांनी मला आवडाबाईंच्या कळशीत ओतलं. मग परत येऊन भरून नेलं, आणि पुन्हा, पिंपाचा तळ दिसेपर्यंत. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. जाता जाता उमाबाई आशाच्या दारात थांबून बाळ बघून गेल्या. गुलाबाकडं कुणी वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी काकासाहेबांनी मला गच्चीवर भिरकावलं. काही दिवस त्यांनी बाईंशी अबोला धरला. बाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. आणि तो गुलाब? पाण्यावाचून पानं झडली, काड्या राहिल्या. मेला, असंच सगळे समजले. पावसाळ्यात त्याला पुन्हा धुमारे फुटले आणि थंडीत तो फुलांनी वाकला. काकासाहेब पुन्हा फाटकाशी उभे राहून कौतुक गोळा करू लागले. गच्चीवरून मला सगळं दिसतं.

मित्रांनो, फुलझाडं जरूर लावा, त्यांना जीव लावा. झारी वापरून झाली की पालथी घालून सावलीत ठेवा, म्हणजे गंज चढणार नाही. पण पाणी घालण्याआधी एकदा फाटकाबाहेर बघा, तिथं कुणी कळशी घेऊन उभं तर नाही ना.