खुंटीवरचा आठ नंबर

शनिवारी खेळाडूंच्या आधी फुटबॉल क्लबचे कपडे धुणारी एफी यायची आणि प्रत्येकाच्या खुंटीवर धुतलेला शर्ट टांगायची. एक ते अकरा सुरुवातीपासून खेळणाऱ्यांचे, बारापासून पुढचे बाकावर बसणाऱ्या बदली खेळाडूंचे. त्यामुळे मॅनेजरने संघ वाचून दाखवण्याआधीच खुंट्या तो सांगून टाकत. दाराजवळच्या तिसऱ्या खुंटीवर तेरा वर्षं आठ नंबर होता आणि त्याखाली इनेस रॅटरे.

इनेस आता सदतिसाचा. सतराव्या वर्षी ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबने त्याला उचललं, तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं. तिथे दोन वर्षांत एकही सामना वाट्याला आला नाही. मग इंग्लंडमधले तीन क्लब, दोनदा मोडलेला घोटा आणि शेवटी परत आपलं समुद्रकाठचं गाव. आठवडाभर टपाल वाटायचं, शनिवारी मिडफिल्डमध्ये राबायचं. गोल करून मिरवणारे वेगळे, त्यांना चेंडू आणून देणारा हा. डावा गुडघा आता जिना उतरतानाही कुरकुरायचा. तो थकला होता आणि थकलोय हे सांगायचाही त्याला कंटाळा आला होता.

गुरुवारी सरावानंतर त्याने मॅनेजर रोरीला गाठलं. एकेकाळी दोघं एकाच संघात खेळलेले.

“शनिवारी मोसमातला शेवटचा सामना. मला सुरुवातीपासून खेळव. वीस मिनिटांनी काढ हवं तर. मग मी खेळणं थांबवतो.”

“बघू,” म्हणत रोरी बुटाची नाडी बांधायला वाकला. ती बांधलेलीच होती.

आज इनेस सगळ्यांच्या आधी पोचला. त्याच्या खुंटीवर चौदा नंबर होता. आठ समोर, जानेवारीत आलेल्या लाकलनच्या खुंटीवर.

एफीला मोतीबिंदू झालेला. म्हातारीने घोळ घातला, इनेसला वाटलं, आता रोरी तिच्यावर डाफरणार. त्याने गुपचूप शर्टांची अदलाबदल केली, आठ अंगात चढवला आणि घोट्याला पट्टी गुंडाळत बसला.

हळूहळू सगळे आले. लाकलनने आपल्या खुंटीवरचा चौदा नंबर बघितला, मग इनेसच्या अंगातला आठ.

“आजोबा, पोरांचे कपडे कशाला घातलेत?” गोलकीपर म्हणाला. कुणी हसलं नाही. टॉवेल घेऊन आलेली एफी दारातच थबकली.

रोरीने कागद वाचायला घेतला. “सात, कीथ. आठ, लाकलन.” मग त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“एफीला मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तुला सांगायची हिंमत झाली नाही रे. आज हरलो तर खालच्या लीगमध्ये जातो आपण.”

इनेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने शर्ट काढला आणि लाकलनकडे टाकला.

“घे. ऊब आणून ठेवलीय.”

सामना त्यांनी दोन-एक जिंकला. दुसरा गोल लाकलनच्या पासवर झाला, आणि पास झकास होता. चौदा नंबर घातलेला इनेस अंग गरम करायला बाकावरून दोनदा उठून रेषेबाहेर धावून आला.

“इनेस, माझं पत्र आलं का रे?” प्रेक्षकांतून तोंडात मटणाची पाई कोंबून कुणीतरी ओरडलं.

रोरीने इनेसला मैदानात उतरवलं नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा इनेसला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदाचंच त्याला फार वाईट वाटलं.

सगळे वरच्या बारमध्ये प्यायला गेल्यावर तो आपला शर्ट घेऊन एफीच्या धुण्याच्या मशीनपाशी आला. टोपलीत चिखलाचा ढीग होता.

“हा धुवायला नको,” तो म्हणाला. “कोराच आहे.”

एफीने शर्ट डोळ्यांजवळ नेला, पाठ बघितली, बाह्या बघितल्या.

“तेरा वर्षं तुझ्या शर्टाला शिव्या घातल्या मी,” ती म्हणाली. “सगळ्यात घाण तुझाच. दोनदा घासल्याशिवाय निघायचा नाही मेला.”

तिने चौदा नंबर बाकीच्यांबरोबर मशीनमध्ये घातला.

“एफी, अगं, नको म्हटलं ना.”

“अंगात घातलास ना दिवसभर? मग धुवायचाच. बस तिथे, पाय वर घे.”

इनेस उलट्या बादलीवर बसला आणि मशीन थांबेपर्यंत उठला नाही.